म्हैस, पाटा आणि चूल

बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात परळी खोऱ्याचे डोंगर जवळ येतात. त्यातल्या एका घळीतून एक ओढा उतरतो आणि पुढे उरमोडीला मिळतो. रस्त्याकडेला स्कूटी लावायची, भाताच्या खाचरांच्या बांधावरून पाच-सात मिनिटं चालायचं, की उंबराखाली पाण्याचा आवाज येतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मी तिथं दहा वेळा जाऊन बसले. त्यातून एक चित्र झालं, अकरा बाय पंधरा इंचाचं.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. चित्रकला म्हणाल तर शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यानंतर सत्तावीस वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. आमचे चित्रकलेचे सर आता निवृत्त आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला पुन्हा जलरंग शिकायचेत. सर म्हणाले, "शिकवण्यासारखं तुला सगळं शाळेत सांगून झालंय. आता एखाद्या ओढ्यावर जाऊन बस."

पहिल्या रविवारी मी सगळंच काढायला गेले. मागचा डोंगर, उंबर, वरून येणारं पाणी, मधले धोंडे, काठावर फुललेला गुलाबी तेरडा. दोन तासांत कागद भरला. संध्याकाळी सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अगं, उद्या मी त्या ओढ्यावर गेलो, तर ह्यातला एक तरी धोंडा मला ओळखता येईल का?"

नसता आला. मी धोंडे काढले नव्हते, धोंड्यासारखे आकार काढले होते.

मग सरांनी एका जुन्या पुस्तकातलं जर्मन चित्रकार ड्यूररचं चित्र दाखवलं. १५०३ साली जलरंगात केलेला गवताचा एक झुबका. क्षितिज नाही, आकाश नाही, नुसती चिखलात उगवलेली पाती, पण प्रत्येक पात्याचा वळसा वेगळा. आणि दुसरं इंग्रज कलासमीक्षक रस्किनचं. १८५३ च्या उन्हाळ्यात तो स्कॉटलंडमध्ये ग्लेनफिनलासच्या ओढ्याकाठी राहिला होता. त्याचा चित्रकार मित्र मिले त्या वेळी रस्किनलाच खडकावर उभं करून त्याचं व्यक्तिचित्र रंगवत होता आणि रस्किन स्वतः तिथल्या नाईस नावाच्या पट्टेदार खडकाचा एक तुकडा काढत बसला होता. सर म्हणाले, "निसर्गचित्र एवढ्यात नको काढूस. स्टडी कर. दोन घोंगड्यांएवढी जागा धर आणि तिथून हलू नकोस."

दुसऱ्या रविवारी ती जागा धरली. मधोमध एक मोठा काळा, पाठीला फुगीर धोंडा. त्याच्या उजवीकडे एक सपाट फरशीसारखा. आणि अलीकडे, माझ्या पायांपासून चार-पाच हातांवर, तीन लहान गोटे, एकमेकांकडे तोंड करून बसल्यासारखे. मोठ्या धोंड्याला वळसा घालून पाणी त्या तिघांच्या मधून खाली पडायचं. एवढंच.

कागदानं त्या दिवशी घात केला. हँडमेड कागद एका दुकानातून पावसाळ्यात आणला होता आणि तसाच कपाटात उघडा पडला होता. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला आणि रंग टीपकागदावर शाई सांडावी तसा आत शोषला गेला, मधे मधे पांढुरके ठिपके राहिले. कागदाला सरस किंवा जिलेटिनचा जो थर दिलेला असतो तो दमटपणानं मेला की असं होतं. त्या कागदावर रंग वर तरंगत नाही, सरकत नाही, उचलूनही घेता येत नाही. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: नव्या कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभर बघायचं. थेंब टिकला तर कागद जिवंत आहे. पुढं ३०० जीएसएमचा जाड, सुती, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद घेतला आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवला.

आता रंगाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझे तीन रविवार त्यातच गेले.

त्या धोंड्याच्या दगडाला आपण काळा पाषाण म्हणतो. सह्याद्रीचा हा सगळा भाग बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते. पण त्या धोंड्यासमोर ब्रश घेऊन बसले तेव्हा त्याच्यावर काळा रंग कुठं सापडेना. उन्हात आलेली पाठ फिकट राखाडी, जवळजवळ राखेच्या रंगाची. कडेला, जिथं खडक कुजतो तिथं, आतलं लोह गंजून तांबूस झालेलं. सावलीतली बाजू निळसर, कारण तिच्यावर थेट ऊन नसतं, फक्त आकाशाचा उजेड असतो. अंगभर बारीक खळगे, लाव्हातल्या वायूचे बुडबुडे निसटले त्याच्या खुणा. काही खळग्यांत पांढरी खनिजं भरलेली. आणि पाठीवर दगडफुलाचे करडे-हिरवे चट्टे. मसाल्यात घालतो त्याचेच हे भाऊबंद, पण हे खडकाला असे चिकटलेले असतात की नखानंही निघत नाहीत.

सरांनी काळ्या रंगाची ट्यूब पेटीतून काढून घेतली होती. त्याऐवजी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. ही दोन एकमेकांना मारतात आणि त्यातून राखाडी तयार होतो. निळा जास्त घातला तर सावलीतला थंड दगड, सिएना जास्त घातला तर उन्हातला उबदार. पॅलेटवर पुरतं घोटून लावलं तर तो राखाडी मेल्यासारखा दिसतो. कागदावर निळा ओला असतानाच त्यात सिएनाचा थेंब सोडायचा आणि हात काढून घ्यायचा. दोन्ही रंग आपापल्या वाटेनं पसरतात, कुठं निळा वरचढ, कुठं तपकिरी. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर दाणेदार पोत येतो. बेसाल्टची कातडी त्या दाण्यांतून आपोआप येते. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी ब्रश खाली ठेवून नुसती बघत बसले होते.

पेटीत आणखी येलो ऑकर, सॅप ग्रीन आणि चिमूटभर प्रशियन ब्लू. सॅप ग्रीन नुसता कधी लावला नाही. शेवाळात सुद्धा सिएना मिसळल्याशिवाय तो खोटा दिसतो.

चौथ्या रविवारी आजी आल्या. डोक्यावर घमेलं, घमेल्यात धुणं. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. लुगड्याचा ओचा खोचून त्या पाण्यात उतरल्या, सपाट धोंड्यावर घमेलं ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय काढतीयास गं बाय?"

"धोंडे काढतीय आजी."

त्या पाण्यातून माझ्यामागं आल्या, वाकून कागद पाहिला. मग बोट कागदाला न लावता, वरच्या वर फिरवत म्हणाल्या, "ही म्हस न्हवं? आन् ह्यो पाटा. आन् ही चूल."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. मोठा काळा धोंडा म्हणजे म्हैस, पाण्यात बसलेली. सपाट धोंडा म्हणजे पाटा, ज्यावर त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून धुणं धूत होत्या. आणि तीन गोटे म्हणजे चूल. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ज्यांना ते धोंडे पन्नास वर्षं माहीत होते त्यांनी ते कागदावर ओळखले होते.

पण आजींचं बोलणं संपलं नव्हतं. "पर म्हशीचं प्वाट उघडं पडलंय की आता. तुझ्या कागदावर आजून पान्यात हाय."

मी वर बघितलं. खरंच. मी पेन्सिलीचं रेखाटन केलं तेव्हा पाणी होतं तिथपासून ते वीतभर खाली गेलं होतं. मी दर रविवारी येत होते, समोर बघत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी कागदावरची जुनी रेघ पाहून रंगवत होते.

"म्हशीचं प्वाट दिसलं की भात कापाय घ्यायचं," आजी सांगायला लागल्या. "पाय दिसलं की थंडी आली म्हनायची. सक्रांतीला चुलीत पानी नसतंय." त्यांच्या हिशेबात ओढा हे पंचांगच होतं.

पाणी उतरणं म्हणजे नुसती रेघ खाली सरकणं नव्हे, हे पुढच्या आठवड्यात नीट लक्षात आलं. खडकाळ ओढ्यातल्या प्रत्येक धोंड्यावर पट्टे असतात. सगळ्यात वर, जिथं पूर क्वचितच पोचतो, तिथं दगडफूल. त्याच्याखाली पुरानं घासून काढलेला उघडा दगड. त्याच्याखाली पावसाळ्यातलं शेवाळ, आता वाळून तपकिरी पापुद्रा झालेलं. मग हिरवं, जिवंत शेवाळ. आणि पाण्याला लागून, चार बोटांचा, ओला काळाभोर पट्टा. दगड ओला झाला की काळा का दिसतो हे मला पुस्तकातून माहीत होतं: कोरड्या दगडाच्या बारीक छिद्रांत हवा असते, उजेड तिथं विखरून आपल्याकडे परत येतो. छिद्रांत पाणी भरलं की उजेड आत आत जातो, कमी परत येतो. पण धोंडा पाण्यात बसलाय असं चित्रात वाटतं ते केवळ ह्या पट्ट्यामुळं, हे मात्र पुस्तकात नव्हतं. तो काढला नाही तर धोंडा पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो.

आणि इथंच माझी अडचण झाली. जलरंगात फिकटावरून गडदाकडे जायचं असतं. पांढरा म्हणजे कागद. एकदा गडद लावलं की खालचा कागद पुरता परत मिळत नाही. ओल्या ब्रशनं थोडा उचलता येतो, पण डाग राहतो. माझ्या कागदावर म्हशीच्या पोटाला ओला पट्टा मी सुरुवातीलाच देऊन बसले होते, कारण तो काढायला सोपा आणि ठसठशीत होता. आता ती जागा समोर वाळून राखाडी झाली होती. पाणी उतरत होतं, धोंडे दर रविवारी उजळत होते. माझा कागद दर रविवारी गडद होत होता.

सरांना फोन केला. म्हटलं, "सर, मी एक तारीख धरून तेवढंच पाणी काढू का? फोटो आहे माझ्याकडे." सर म्हणाले, "फोटोवरून काढायचं तर घरी बस की. तिथं कशाला जातेस?" थोड्या वेळानं मऊ आवाजात म्हणाले, "जे बदलत नाही ते आधी काढ. जे बदलतं ते सगळ्यात शेवटी, एका बैठकीत."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी नवा कागद लावला. ह्या वेळी रेखाटनात पाण्याची रेघ काढलीच नाही. म्हैस, पाटा आणि चूल पूर्ण काढले, पाण्याखाली जेवढे दिसत होते तेवढेसुद्धा. पहिला वॉश अगदी पातळ, ऑकर आणि किंचित सिएना, उन्हातल्या पाठी कोऱ्या सोडून. पुढच्या रविवारी कोरड्या दगडाचा राखाडी. त्यापुढच्या रविवारी पोत: ब्रशमधलं पाणी फडक्याला टिपून जवळजवळ कोरडा ब्रश कागदावरून आडवा ओढला की रंग कागदाच्या फक्त उंचवट्यांना लागतो. दगडफुलाचे चट्टे तसेच राखले, त्यांच्याभोवतीचा दगड गडद करून. सगळ्या सावल्या एकमेकींना जोडलेल्या ठेवल्या. म्हशीची सावली पाट्यावर, पाट्याची चुलीवर, मधे कुठं तुटू न देता. ह्या तीन आठवड्यांत कागदावर एक थेंब पाणी नव्हतं. कुणी पाहिलं असतं तर कोरड्या नाल्याचं चित्र म्हटलं असतं.

त्या रविवारांत उरलेला वेळ मी पाणी बघण्यात घालवला. समुद्राची लाट पुढं सरकते आणि पाणी जवळपास जागेवर राहतं. ओढ्यात पाणी पुढं जातं आणि लाट जागेवर राहते. म्हशीच्या मागं उठणारी फुगी, चुलीच्या तोंडाशी पडणारी वेणी, तासभर पाहिलं तरी तिथंच. पाणी वाहतं म्हणून काढता येत नाही अशी माझी समजूत होती. काढता येतं, त्याला आकार असतो.

दुसरं, पायाशी बघितलं की तळ दिसतो आणि समोर लांब बघितलं की आकाश. सरळ वरून पाहिलं तर पाण्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के उजेड परत येतो. नजर जसजशी आडवी होते तसतसा त्याचा आरसा होत जातो. म्हणजे कागदाच्या खालच्या भागात मला तपकिरी गोटे काढायचे होते आणि वरच्या भागात निळसर पांढरं. आणि जिथं उंबराचं काळं प्रतिबिंब पडतं तिथं लांबूनही तळ दिसत होता, कारण आकाशाचा उजेड तिथं अडला होता. हे कळायला मी विज्ञानाची शिक्षिका असण्याचा उपयोग झाला असं म्हणायला आवडलं असतं. खरं तर एक करडा धोबी शेपटी हलवत काठाकाठानं चालत होता, त्याच्याकडे बघता बघता त्याच्यापलीकडचा सावलीतला तळ दिसला.

डिसेंबरच्या मध्याला शेवटची बैठक. थंडी चांगली पडली होती. डोंगराआडून ऊन यायला उशीर, त्यामुळं दोन तासच हातात होते. पाणी म्हशीच्या पायांशी आलेलं.

आधी ओढ्याच्या स्वच्छ पाण्यानं कागदाचा खालचा भाग ओला केला आणि त्यात सिएना, ऑकर, थोडा सॅप ग्रीन सोडले. पाण्याखालच्या गोट्यांना धारदार कड नसते, ओल्यात ओलं लावलं की ती आपोआप विरघळते. वरचा भाग जवळजवळ कोरा, प्रशियन ब्लूची नुसती चाहूल. फेसाला काहीच लावलं नाही. त्याच्याभोवतीचं गडद पाणी आलं की फेस दिसतो, फक्त सावलीतल्या फेसाला निळसर हात द्यावा लागतो. मग म्हशीचं प्रतिबिंब, तिच्यापेक्षा किंचित उजळ, ब्रश वरून खाली ओढून. आणि शेवटी ओला पट्टा. अल्ट्रामरीन आणि सिएना जेवढे दाट होतील तेवढे दाट. हात थरथरत होता, कारण हा रंग माघारी घेता येणार नव्हता. म्हशीला लावला. ती पाण्यात बसली. चुलीच्या तिन्ही गोट्यांना लावला.

पाट्याला लावायच्या आधी आजी आल्या. घमेलं पाट्यावर टेकवलं, लुगडं पिळून आपटायला घेतलं, आणि पाहता पाहता सगळा पाटा ओला काळा झाला. मी कागदावर तो तीन आठवडे कोरडा रंगवला होता. मी काही बोलले नाही. पाटा त्यांचा होता.

पण माझा ब्रश थांबलेला त्यांनी पाहिला असावा. त्या आल्या, कागद पाहिला, पाट्याकडे पाहिलं.

"वाळलेला पाटा पायजे व्हय तुला?"

"असू दे आजी. तुम्ही धुवा."

"आगं, धुनं कुठं पळतंय का." त्यांनी ओलं लुगडं घमेल्यात टाकलं, घमेलं उचलून काठावर ठेवलं आणि माझ्या शेजारी खडकावर येऊन बसल्या. ऊन नुकतंच ओढ्यात उतरलं होतं. आम्ही दोघी पाटा वाळताना बघत बसलो. तो कडेकडेनं वाळत गेला. आधी वरची कड राखाडी झाली, मग बाजू. खळग्यांत पाणी चमकत राहिलं. मी ब्रश धुतला, दुसऱ्या डब्यातल्या पाण्यात पुन्हा धुतला.

"आता काढ," आजी म्हणाल्या.

पाट्याच्या मधोमध भाकरीएवढा ओला डाग अजून होता. त्याची वाट न बघता मी तो होता तसा काढला.